नाजूक जागेची लहान जखम भरते आहे की चिघळते आहे, हे कसे ओळखावे?

यावल तालुक्यातील शिक्षिका

नमस्कार. विषय संकोचाचा असल्यामुळे टोपणनावाने लिहीत आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, वय तिशीच्या पुढे आहे, मुलगा दुसरीत आहे. परवा सकाळी अंघोळीच्या वेळी रेझरने केस काढताना योनीच्या बाहेरच्या ओठावर लहानशी चीर पडली. लांबी तांदळाच्या दाण्याएवढी असेल. स्वच्छ सुती कापड दाबून धरल्यावर रक्त थांबले. पहिल्या दिवशी लघवीच्या वेळी चांगलीच आग होत होती, ती आता बरीच कमी झाली आहे. मात्र आज आरसा धरून पाहिले तेव्हा जखमेच्या तोंडावर फिकट पिवळसर, ओलसर असा पातळ थर दिसला आणि कडा किंचित फुगलेल्या वाटल्या. हा पू आहे का, याची भीती बसली आहे.

सध्या शाळा सकाळची आहे, पण घरी परतेपर्यंत ऊन इतके चढलेले असते की स्कूटरच्या सीटवर बसवत नाही आणि घामाने सगळे कपडे अंगाला चिकटतात. जाऊबाईंना विश्वासात घेऊन विचारले, तर त्यांनी हळद आणि खोबरेल तेल लावायला सांगितले. यजमानांनी मेडिकलमध्ये मोघम विचारून एक मलम आणले आहे, ते मी अजून उघडलेले नाही. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर पुरुष आहेत आणि तिथे औषधे देणाऱ्या गृहस्थांची मुलगी माझ्याच वर्गात आहे, त्यामुळे पाऊल उचलत नाही. घरी किती वाट पाहणे योग्य आहे आणि कोणती लक्षणे दिसली की संकोच बाजूला ठेवून निघावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त परिचारिका, धुळे

ताई, आधी पिवळ्या थराविषयी सांगते, कारण बहुतेक जणी त्यालाच घाबरतात. हाताला किंवा गुडघ्याला खरचटले की कोरडी खपली धरते. ही जागा सतत ओलसर असल्यामुळे तिथे खपली धरत नाही. तिच्याऐवजी जखमेवर पांढुरका किंवा फिकट पिवळा चिकट पापुद्रा येतो. रक्तातल्या ज्या घटकामुळे खपली बनते, त्याचाच तो बनलेला असतो, जखम भरण्याचा भाग असतो आणि तो पू नसतो. पापुद्रा पातळ असतो, जागेला धरून असतो आणि त्याला घाण वास नसतो. पू दाट असतो, पिवळट-हिरवट किंवा मळकट असतो, पुसला तरी थोड्या वेळाने पुन्हा साचतो आणि बहुधा त्याला वास येतो. पापुद्रा खरवडून काढू नका. तो काढला की जखम पुन्हा पहिल्या दिवसावर जाते.

दुसरी गोष्ट, वॉर्डात इतकी वर्षे काढल्यावर मला सर्वांत भरवशाची वाटते ती. आज काय दिसते यापेक्षा कालच्या तुलनेत काय झाले, हे पाहावे. कुठल्याही जखमेला पहिले दोन-तीन दिवस थोडी सूज, थोडी लाली आणि स्पर्शाला दुखरेपणा असतोच. तो शरीराच्या दुरुस्तीचा भाग आहे. तिसऱ्या दिवसापासून हे सगळे उतरणीला लागले पाहिजे. त्याऐवजी दुखणे वाढू लागले, आधी फक्त हात लागल्यावर दुखत होते ते आता बसल्याजागी ठसठसू लागले, ठणक्यामुळे रात्री झोपमोड होऊ लागली, तर दिसायला जखम कितीही लहान असो, तिच्यात जंतुसंसर्ग शिरला आहे असे धरून चालावे. तुमची आग परवापेक्षा कमी आहे, ही चांगली खूण आहे.

लालीबद्दल एक सावधगिरी सांगते. आपल्या सावळ्या कातडीवर, त्यातही या जागी, लाली पुस्तकातल्या चित्रासारखी उठून दिसत नाही. कातडी ताणून चकचकीत झाली आहे का, जांभळट किंवा नेहमीपेक्षा गडद दिसते आहे का, बोटाला कडक आणि गरम लागते का, हे पाहावे आणि दुसऱ्या बाजूच्या ओठाशी ताडून पाहावे. लाली मांडीच्या किंवा जांघेच्या कातडीपर्यंत आली असेल, तर तिच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवावी. काही तासांनी लाली रेघेबाहेर गेलेली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. जांघेत अवधाण आले आहे का, तेही चाचपून पाहा. जखमेच्या बाजूच्या जांघेत दुखरी गाठ लागली, तर तिकडची ग्रंथी कामाला लागली आहे असा त्याचा अर्थ होतो आणि डॉक्टर ते विचारतातच.

ताप हाताने बघू नका. आपल्या खानदेशात या दिवसांत उन्हातून आलेल्या प्रत्येकाचे अंग तापलेलेच लागते. सावलीत अर्धा तास शांत बसा, पाणी प्या आणि मग तापमापक लावा. 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक भरले, किंवा उन्हाळ्यातही हुडहुडी भरली, तर तो ताप समजावा. पॅरासिटामॉल घ्यायची असेल तर आधी मोजून मग घ्या, नाहीतर गोळीने ताप झाकला जातो.

निगा साधी आहे. दिवसातून एक-दोनदा आणि शौचाहून आल्यावर स्वच्छ कोमट पाण्याने धुवा, साबण बाहेरच्या कातडीपुरताच ठेवा, मऊ कापडाने टिपून घ्या, चोळू नका. पुसताना हात पुढून मागे न्या. लघवी करताना तांब्याने जागेवर पाणी ओतत राहिले की लघवी पातळ होते आणि आग लागत नाही. भीतीने पाणी कमी पिणाऱ्या बायका मी फार पाहिल्या. त्याने लघवी दाट होते आणि जास्त झोंबते. सैल सुती कपडे घाला, शाळेतून आल्याबरोबर घामाचे कपडे बदला आणि जखम पूर्ण भरेपर्यंत संबंध टाळा.

अमळनेरची गृहिणी

आमच्या घरात तीन पिढ्या कापण्या-भाजण्यावर हळदच लावतात आणि कुणाचे काही बिघडले नाही. प्रत्येक गोष्टीला डॉक्टर गाठायचा, हे मला पटत नाही. निदान डेटॉलच्या पाण्याने धुवायला तरी काय हरकत आहे?

निवृत्त परिचारिका, धुळे

बोटाच्या चिरेवर हळद लावायची असेल तर मी तुमच्याशी भांडणार नाही. इथे प्रश्न जागेचा आहे. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, तिची पूड ओल्या जखमेत घट्ट बसते आणि पिवळ्या रंगाखाली पू आहे की नाही हे दिसेनासे होते, म्हणजे ज्या खुणा पाहायच्या त्याच झाकल्या जातात. डेटॉल आणि सॅव्हलॉन यांचे तर या पातळ त्वचेवर चटके बसतात. आग वाढते, कातडी सोलवटते आणि मग ती आग जंतुसंसर्गाची की औषधाची, हे डॉक्टरांनाही चटकन सांगता येत नाही. तुरटी, लिंबू, टाल्कम पावडर आणि योनीमार्ग आतून धुण्याची सुवासिक द्रव्ये यांनाही हेच लागू आहे. लघवीची फारच आग होत असेल, तर साध्या पेट्रोलियम जेलीचे पातळ बोट बाहेरच्या कडेला लावता येते.

केळी बागायतदार, रावेर

विषय बायांचा असला तरी पुरुषांनीही हा धागा वाचावा, म्हणून लिहितो. गेल्या वर्षी माझ्या शिश्नाच्या पुढच्या कातडीला सारख्या बारीक भेगा पडत. एक भरली की दुसरी पडे आणि कातडी मागे घेताना डोळ्यांत पाणी येई. कापणीच्या दिवसांत घाम असतो, अंगावर केळीचा चीक असतो, म्हणून मी तो उन्हाचा त्रास समजून चाललो होतो. डॉक्टरांनी भेगा पाहिल्या आणि मलमाच्या आधी रक्तातील साखर तपासायला पाठवले. उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी, दोन्ही वाढलेल्या निघाल्या. लघवीतून साखर जात असली की त्या कातडीवर बुरशी माजते, कातडी चिरते आणि झालेली चीर भरायला वेळ लागतो, असे त्यांनी समजावले. साखर आवाक्यात आली तशा भेगाही थांबल्या.

ज्यांना शुगर आहे त्यांनी आपल्या गोळ्यांची नावेही डॉक्टरांना जरूर सांगावीत. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या प्रकारच्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, त्यामुळे त्या जागी बुरशीचा त्रास होण्याची शक्यता वाढते, असे मला सांगण्यात आले. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नये.

आणि हात लावलाच आहे म्हणून आणखी एक सांगतो. कातडी मागे घेतली आणि ती पुढे येईनाशी झाली, टोकाला सूज चढू लागली, तर रात्र काढू नये. आमच्या ओळखीच्या एकाने लाजेपायी सकाळ होऊ दिली आणि मग बारीक शस्त्रक्रियेपर्यंत गेले.

यावल तालुक्यातील शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. आज चौथा दिवस आहे. चिरेची आग जवळजवळ गेली आहे, पापुद्राही लहान झाला आहे आणि ताप नाही. परंतु चिरेपासून बोटभर अंतरावर, जिथे केस काढले तिथेच, एक दुखरी पुटकुळी आली आहे. तिच्या मध्यभागी पांढरा ठिपका दिसतो. जखमेतला जंतुसंसर्ग तिकडे पसरला, असा याचा अर्थ होतो का? फोटो पाठवला तर कोणी पाहून सांगू शकेल का? धनुर्वाताचे इंजेक्शन मी मुलाच्या वेळी गरोदरपणात घेतले होते, त्यानंतर नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञ, जळगाव

फोटो कृपया कुठेही टाकू नका, खासगी संदेशातून मागितला तरी देऊ नका. एकदा पाठवलेला फोटो आपल्या हातात राहत नाही, आणि पुटकुळीत पू झाला आहे की नाही हे पाहण्याइतकेच बोटाने चाचपूनही ठरवावे लागते.

न तपासता निदान करणे योग्य नाही, हे आधी स्पष्ट करतो. तरीही वर्णनावरून सर्वाधिक शक्यता केसतोडीची वाटते. रेझरने केस मुळाशी कापला जातो, तो वाकून कातडीतच शिरतो किंवा केसाच्या मुळात जंतू जातात आणि तिथे दुखरी पुटकुळी येते. चिरेचा संसर्ग पसरतो तेव्हा तो सहसा चिरेच्या कडेपासून सलग पसरतो. मधली कातडी निरोगी ठेवून बोटभर अंतरावर उगवत नाही. केसतोडीला कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या स्वच्छ कापडाचा शेक दिवसातून तीन-चार वेळा, दहा-दहा मिनिटे दिला की ती बहुधा आपोआप बसते किंवा फुटून निचरा होतो. ती दाबू नये, सुईने टोचू नये. ती वाढून सुपारीएवढी झाली, आत पू हलतो आहे असे वाटू लागले किंवा योनीमुखाच्या खालच्या बाजूला एकाच अंगाला दुखरा फुगा आला, तर मात्र गळू समजून डॉक्टरांकडे जावे. योनीमुखाजवळच्या ग्रंथीचे गळू अतिशय दुखते, त्यातला पू बऱ्याचदा छेद देऊन काढावा लागतो आणि तिथे नुसत्या गोळ्यांवर दिवस काढण्यात अर्थ नसतो.

प्रत्येक फोड किंवा व्रण जखमेपासूनच झालेला असतो असेही नाही. बारीक पाण्याच्या फोडांचा पुंजका येऊन तो फुटला आणि तीव्र आग होऊ लागली, तर नागीण वर्गातल्या विषाणूचा, म्हणजे हर्पिसचा, विचार करावा लागतो. याउलट न दुखणारा, कडा टणक असलेला एकच व्रण सिफिलिसचा असू शकतो, आणि तो दुखत नाही म्हणूनच लोक दुर्लक्ष करतात. दह्याच्या कवडीसारखे पांढरे जाणे आणि असह्य खाज ही बुरशीची लक्षणे आहेत. लघवीची आग बाहेर जखमेला लघवी लागते तेवढ्यापुरतीच आहे, की आतून जळजळते, वारंवार जावे लागते आणि ओटीपोट दुखते, हा फरकही लक्षात ठेवावा. दुसऱ्या प्रकारात मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो आणि त्यासाठी लघवीची तपासणी लागते.

धनुर्वाताविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. तो गंजामुळे होत नाही. त्याच्या जंतूंची बीजे माती आणि शेणखतात असतात. स्वच्छ, लहान जखम असेल आणि लसीचे आधीचे डोस पूर्ण झालेले असतील, तर शेवटच्या डोसला दहा वर्षे उलटली असल्यासच नवा डोस देतात. जखमेत माती किंवा शेण गेले असेल, तर हीच मर्यादा पाच वर्षांची धरतात. तुमचा मुलगा दुसरीत आहे, म्हणजे दहा वर्षे झालेली नसावीत. जखमही घरातल्या रेझरची आहे. शेतात बांधावर पडून किंवा खोडाच्या धसकटावर बसून जखम झालेल्या बाईला मी वेगळा सल्ला देईन. लहानपणापासूनचे डोस झाले की नाही याची खात्री नसेल, तर तसे डॉक्टरांना सांगावे. ही लस शासकीय आरोग्य केंद्रात मोफत मिळते.

आता ज्या लक्षणांवर चर्चा करत बसू नये, ती सांगतो. दिसणाऱ्या जखमेच्या मानाने वेदना फारच भयंकर असणे, कातडी जांभळी-काळी पडणे, तिच्यावर फोड येणे, दाबल्यावर कातडीखाली चुरचुर जाणवणे, सूज तासातासाला पसरणे, तापाबरोबर धाप लागणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे. हा जननेंद्रियाच्या भागातील मांस सडवणारा संसर्ग असू शकतो. तो क्वचित होतो, परंतु मधुमेही व्यक्तींत, त्यातही पुरुषांत, अधिक दिसतो आणि तिथे उशीर जिवावर बेततो. अशा वेळी 108 ला फोन करून थेट मोठे रुग्णालय गाठावे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालये आहेत. सहा-आठ तास लघवीच न होणे, किंवा तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव होणे, यांनाही तितकीच घाई हवी. गरोदर स्त्रिया, नुकतीच प्रसूती होऊन टाके पडलेल्या स्त्रिया, मधुमेही आणि स्टेरॉईड चालू असलेले रुग्ण यांनी तर तिसऱ्या दिवसाचीही वाट पाहू नये. जखम कोणाच्या जबरदस्तीमुळे झाली असेल, तर ती कितीही लहान असली तरी तपासणी करून घ्यावी. महिलांसाठी 181 हा मदत क्रमांक आहे.

राहिले मलम. नळीवर क्लोबेटासोल, बेटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी काही लिहिले असेल, तर त्यात स्टेरॉईड आहे. अशी बुरशी, जंतू आणि खाज यांवर एकत्रित म्हणून विकली जाणारी मलमे लावली की लाली व खाज झपाट्याने कमी होते आणि माणसाला वाटते की बरे वाटले. प्रत्यक्षात त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते, संसर्ग आत वाढत राहतो आणि कातडी पातळ होऊन पुन्हा चिरते. माझ्याकडे येणाऱ्या चिघळलेल्या जखमांत अशी नळी आधीच संपवून आलेल्या स्त्रिया नेहमी असतात. उरलेल्या प्रतिजैविकांच्या दोन गोळ्या घेणे हाही त्याच जातीचा उपाय आहे.

तुमचा संकोच मला समजतो. पुरुष डॉक्टर तपासत असतील, तर तपासणीच्या वेळी स्त्री परिचारिका किंवा तुमच्याबरोबरची स्त्री हजर असावी, हा रुग्णाचा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. केसपेपर काढताना खिडकीवर सविस्तर सांगण्याची गरज नसते. ‘स्त्रियांच्या तक्रारीसाठी’ एवढे पुरते. आणि ओळखीच्या केंद्रात जायचेच नसेल, तर शेजारच्या तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय आहेच.

यावल तालुक्यातील शिक्षिका

नळी पाहिली. तिच्यावर क्लोबेटासोलच आहे, म्हणून ती बाजूला ठेवली. आज सुटीनंतर जाऊबाईंना घेऊन शेजारच्या तालुक्याच्या रुग्णालयात गेले. तपासणाऱ्या डॉक्टर स्त्री होत्या. त्यांनी जांघ चाचपली, पुटकुळी दाबून पाहिली, रक्तातील साखर तपासून घेतली. ती ठीक आहे. चीर भरत आली आहे, पुटकुळी केसतोडीचीच आहे आणि प्रतिजैविकाची गरज नाही, असे त्यांनी सांगितले. शेक द्यायचा, आणि पुटकुळी दोन दिवसांत बसली नाही किंवा ताप आला तर परत यायचे. धनुर्वाताचे इंजेक्शनही आत्ता दिले नाही. खिडकीवर कोणी एक शब्दही जास्त विचारला नाही. स्कूटरविषयी आणि पुन्हा केस काढण्याविषयी विचारायचे मात्र राहून गेले.

निवृत्त परिचारिका, धुळे

स्कूटर चालवताना घासून दुखत नसेल तर चालवा, पण सीटवर जाड सुती पंचा टाका आणि मोटारसायकलवर दोन्हीकडे पाय टाकून बसण्याचा प्रवास आठवडाभर टाळा. केस काढण्याची घाई करू नका; तिथे केस असणे हा आजार नाही आणि त्यांनी अस्वच्छताही होत नाही. चिरेच्या जागी नवी कातडी आजूबाजूच्या रंगाची होऊन दाबल्यावर मुळीच दुखेनाशी झाली आणि पुटकुळीही पूर्ण बसली, की मग बोथट टोकाच्या कात्रीने किंवा ट्रिमरने आखूड करा. रेझरच वापरायचा असेल तर नवे पाते घ्या, केस कोमट पाण्याने आधी मऊ करा आणि केसांच्या वाढीच्या दिशेनेच फिरवा. घरातल्या दुसऱ्या कोणाचा रेझर मात्र नको, मग तो यजमानांचा का असेना.